कप्तानाच्या बेंबीचे प्रकरण

"लिहा, जावईबापू," सासरेबुवा म्हणाले. "प्यो चुन-शिक. तेगू शहराचा तिसरा डोळा. ज्याच्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही."

मी लिहिले. सासरेबुवा त्या वेळी चष्मा शोधत होते. तो त्यांच्या कपाळावर, म्हणजे बरोबर तिसऱ्या डोळ्याच्या जागी होता. हे मी लिहिले नाही.

सासरेबुवांनी नोकरीभर एका अपार्टमेंटच्या फाटकावर पहारा केला. तिथे त्यांनी एकदा हरवलेली सायकल शोधून दिली होती. चुकीच्या इमारतीत नेऊन लावली होती त्यांनीच; पण शोधली हे खरे. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'खासगी तपासनीस' अशी कार्डे छापून घेतली. मदतनीस म्हणून माझे नाव खाली होते. मला विचारले नव्हते. पण मी त्यांच्याच घरात राहत असल्याने तो प्रश्न येत नव्हता.

प्रकरण असे. आमच्या गल्लीचा जोक्कूचा, म्हणजे पायाने खेळायच्या व्हॉलीबॉलचा, संघ आहे. सासरेबुवा त्याचे व्यवस्थापक. गल्लीच्या तोंडाशी यॉम मल-सुनबाईंचे टी-शर्ट शिवायचे दुकान आहे. त्यांनी संघासाठी जाड सुती कापडाचे पांढरे टी-शर्ट शिवले. पहिल्या सामन्यात सगळे देखणे दिसले. मग कपडे धुतले गेले आणि दुसऱ्या सामन्यात कप्तान क्वाक यांनी चेंडू मारायला पाय उचलला, तेव्हा त्यांची बेंबी अख्ख्या गल्लीने पाहिली.

"हलकं कापड!" क्वाक गरजले. "वॉर्डाच्या क्रीडादिनाचे शर्ट हिच्याकडून घ्यायचे होते ना? रविवारी वॉर्डाची मंडळी जेवायला जमतील तेव्हा मी सांगतो, दुसरीकडे टाका ते काम."

मल-सुनबाई तडक आमच्या स्वयंपाकघरात आल्या. गॅसवर सासूबाईंच्या मोठ्या पातेल्याचे झाकण असे थडथडत होते, की बाईंना ओरडूनच बोलावे लागले.

"प्योदादा, मी कापड आधी भिजवून, वाळवून मगच कापते! गार पाण्यात धुवा, हाताने ओढून सरळ करा, सावलीत वाळवा, कणभर आटणार नाही! लेबलवर बादलीचं चित्र काढलंय, आत तीस अंश लिहिलंय! हे काम गेलं तर मी शटर ओढून बुसानला बहिणीकडे मासे कापायला जाईन!"

"अगं, ते झाकण जरा काढ," सासरेबुवा सासूबाईंना म्हणाले. "इथं महत्त्वाचं बोलणं चाललंय."

सासूबाईंनी झाकण काढले. सासरेबुवांच्या चष्म्यावर वाफ धरली आणि त्या अवस्थेत त्यांनी पहिला सिद्धांत मांडला: शर्ट आटलेले नाहीत, संघ फुगला आहे.

खेळाडूंना रांगेत उभे करून पोटे मोजण्यात आली.

"माझं पोट लग्नात होतं तेवढंच आहे," क्वाक म्हणाले. "विचारा हिला."

"खरंय," त्यांच्या बायकोने साक्ष दिली. "तेव्हापासून एवढंच आहे. फोटोत दोघांच्या मध्ये तेच दिसतं."

"पण शर्ट रुंदीला होतात," मी म्हणालो. "फक्त आखूड झालेत."

सासरेबुवांनी डोळे मिटले. "म्हणजे संघ उंच झाला."

खेळाडूंना दाराच्या चौकटीला टेकवून उंची मोजण्यात आली. संघाचे सरासरी वय साठ असल्याने फार आशा नव्हती. दोघे उलट थोडे कमीच भरले.

तिसऱ्या सिद्धांतासाठी बालवाडी गाठावी लागली. तिथल्या मुलांचे पांढरे शर्ट गुडघ्यापर्यंत लोंबत होते. "अदलाबदल!" सासरेबुवा माझ्या कानात म्हणाले आणि त्यांनी बाईंना दरडावले, "हे मोठ्यांचे शर्ट इथं कसे आले?"

"आजोबा, मुलं वाढतात," बाई म्हणाल्या. "तुमचे खेळाडू वाढणार आहेत का?"

मग शेवटची, शास्त्रीय पायरी. मल-सुनबाईंकडून त्याच कापडाचा नवा कोरा शर्ट आणला. सासरेबुवांनी तो माझ्या अंगाला लावून पाहिला; कमरेखाली छान आला. तो त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवला, कुलूप लावले आणि किल्ली गळ्यात अडकवली. कपाटाची दुसरी किल्ली सासूबाईंकडे असते, हे तेगूच्या तिसऱ्या डोळ्याला इतक्या वर्षांच्या संसारात दिसले नव्हते.

रविवारी जेवणाआधी त्यांनी क्वाक आणि मल-सुनबाईंना घरी बोलावले, सगळ्यांसमोर कुलूप काढले आणि शर्ट उचलला. पांढराशुभ्र, नीट घडी घातलेला. माझ्या अंगाला लावला. बेंबीपाशी संपला.

"बंद कपाटात! कोरडाच्या कोरडा आटला!" सासरेबुवांचा आवाज कापत होता. "मल-सुनबाई, मला वाईट वाटतं, पण तुमचं कापड जात्याच गुन्हेगार आहे."

"मी सांगत होतो," क्वाक म्हणाले.

मल-सुनबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी शर्ट हातात घेतला, आतून चाचपला, नाकाला लावला.

"दादा, याला साबणाचा वास येतोय. आणि माझं लेबल कुठाय?"

"मी कापलं," कापलेल्या नासपतीचे ताट घेऊन सासूबाई आत आल्या. "मानेला टोचतं."

"आणि साबण?"

"उकळताना घालायला नको? दुकानातनं आलेला पांढरा कपडा न उकळता कुणी अंगात घालतं का? कुणाकुणाचे हात लागलेले असतात."

"माझेच हात लागलेत, वहिनी!"

"म्हणूनच म्हटलं."

मी विचारले, "सासूबाई, आणि संघाचे शर्ट?"

"तेही. ह्यांनीच आणून टाकले माझ्यापुढे. चांगले दोनदा उकळले. घ्या, नासपती घ्या."

सगळ्यांनी कप्तानाकडे पाहिले. दर हिवाळ्यात क्वाक यांच्याकडे सासूबाईंच्या हातच्या किमचीचा, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचा, डबा जातो आणि हिवाळा तोंडावर होता. क्वाक यांनी एक फोड उचलली, सावकाश चावली.

"कापड उत्तम आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माझं हेच मत आहे."

जेवणाच्या वेळी सासरेबुवांनी उभे राहून जाहीर केले, की गुन्हेगार त्यांनी शोधून काढला आहे. मात्र नाव सांगता येणार नाही, कारण त्यांना घरीही जेवावे लागते. क्रीडादिनाचे काम मल-सुनबाईंकडेच राहिले.

ते शर्ट आले तेव्हा मानेपाशी तळहाताएवढे लेबल होते: 'उकळू नका, वहिनी.' सासूबाईंनी ते वाचले, कात्रीने कापले आणि शर्ट पातेल्यात टाकला. मी शेजारीच उभा होतो. लाकडी चिमट्याने तो बाहेर निघाला, वाळला, मी अंगात घातला. कमरेखाली, जिथे हवा तिथेच आला.

मी तसाच दुकानात गेलो.

"या खेपेला कापायच्या आधी सगळं कापड मीच उकळून काढलं," मल-सुनबाई मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या.

"मग लेबल कशाला लावलंत?"

"त्यांना कापायला काहीतरी नको का?"