शेततळ्यातली समान संधी

पाण्यात उतरल्यावर माणसामाणसात फरक राहत नाही. हुद्दा, जमीन आणि आडनाव ही तिन्ही कपड्यांबरोबर काठावर राहतात. जलतरणाच्या प्रत्येक उद्घाटनात हे वाक्य येतं. (बोलणारा स्वतः कधी पाण्यात नसतो, पण त्याने वाक्याची शोभा कमी होत नाही.) पांढुर्णा जिल्हा प्रौढ जलतरण हितवर्धक मंडळाच्या घटनेत तर हे पहिलंच कलम आहे, आणि ते मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलं आहे.

मंडळ निघायचं कारण सरळ होतं. पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा झाला की त्याला कलेक्टर लागतो, नव्या पाट्या लागतात आणि भोपाळच्या प्रौढांच्या स्पर्धेला पाठवायला एक पोहणारा लागतो. मंडळाकडे तलाव नव्हता, पण भगवंतरावांकडे शेततळं होतं. बोरगावच्या वाटेवर, संत्र्याच्या बगीच्याला पाणी द्यायला खोदलेलं, पंचवीस मीटर लांब, आत काळं प्लास्टिक अंथरलेलं. ते त्यांनी खेळासाठी फुकट दिलं. अध्यक्षपद त्यांना त्याच्या आदल्या दिवशीच मिळालं होतं, त्यामुळे या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडू नये.

पंचावन्न ते साठ वयोगटात भोपाळला एकच जागा होती आणि ती भगवंतरावांना हवी होती. अगदी मनापासून हवी होती. अठ्ठावन्न वर्षांत त्यांची कुठेही, कशासाठीही निवड झालेली नव्हती. लग्नाच्या वेळीसुद्धा कलाबाईंच्या माहेरचे लोक मुळात त्यांच्या धाकट्या भावाला पाहायला आले होते. (कलाबाई हे अजून सांगतात, आणि धाकटा भाऊ समोर असला की जरा सविस्तर सांगतात.)

अर्ज सात आले. एकाला डॉक्टरने पोहायला सांगितलं होतं, एकाला बायकोने, दोघांना भोपाळला सासुरवाडीचं काम होतं, आणि मंडळाचे सचिव राजूभाऊ संख्या भरावी म्हणून उभे होते. खरे पोहणारे दोनच: भगवंतराव आणि दादाराव.

दादाराव लाइनमन होते, आता निवृत्त होऊन सौंसरला राहतात. दोघे एकाच गावचे, एकाच वर्षी जन्मलेले. भगवंतराव पोहायला शिकले ते वडलांच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. दादाराव शिकले नदीत, डब्याशिवाय. विहिरीत दादारावांच्या वस्तीतल्या पोरांनी उतरायचं नाही अशी गावात पद्धत होती. (नियम नव्हता. नियम असता तर मोडता आला असता.) नदीला धार असल्यामुळे दादाराव चांगले तयार झाले, आणि हे गावाच्या पद्धतीमुळेच झालं, असं भगवंतराव मोठ्या मनाने कबूल करीत. वेगाचं म्हणाल तर दादाराव पुढे होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अशा वेळी पुण्याहून सुचिताचं पार्सल आलं. सुचिता ही भगवंतरावांची लेक, तिथे कंपनीत आहे. पार्सलमध्ये पोहण्याचा सूट होता: खांद्यापासून घोट्यापर्यंत काळा, गुळगुळीत, अंगाला असा दाबून धरणारा की पाण्याला माणूस आल्याचं कळतच नाही. या तऱ्हेच्या सूटांवर मोठ्या स्पर्धांत कधीचीच बंदी आली आहे, कारण त्यात कोण पोहून राहिलं, माणूस की कापड, हे सांगता येईना. जगाने टाकून दिलेली वस्तू आपल्याकडे नवीन म्हणून येते, आणि आपण तिला हळदकुंकू लावून घेतो. कलाबाईंनी लावलंच.

मंडळाची तातडीची सभा भरली. राजूभाऊंनी हरकत घेतली.

"अध्यक्षसाहेब सूट घालून पोहणार अन् बाकीचे चड्डीवर? हे काही खिलाडूवृत्तीत बसत नाही बा."

"मग नाही घालत मी," भगवंतराव म्हणाले. म्हणताना त्यांनी सूटाची घडी स्वतःकडे ओढून घेतली.

"असं कसं! पोरीनं पुण्याहून पाठवला तो," राजूभाऊ म्हणाले. "घालायचा तर साऱ्यांनीच घालायचा."

सूट एक आणि माणसं सात. पण समानतेची तळमळ असली की अशी अडचण टिकत नाही. ठराव झाला तो असा: सर्व स्पर्धक एकच सूट आळीपाळीने घालतील, एकेकटे पोहतील, आणि मंगेश सर घड्याळ लावून वेळ घेतील. (सर शाळेत गणित शिकवतात.) शर्यतीत एका वेळी एकच माणूस असल्याने ढकलाढकली, रडीचा डाव, पंचांशी वाद हे सगळं आपोआप संपलं. खेळाच्या इतिहासात दुसरा स्पर्धक काढून टाकून खिलाडूवृत्ती वाढवल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

राहिला क्रम. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी दादारावांची निघाली.

सभेत कोणाच्याही मनात काही नव्हतं, हे इतिवृत्तात नमूद आहे. फक्त राजूभाऊंना वाटलं की चिठ्ठ्या नीट हलल्या नाहीत. हलवून पुन्हा काढल्या, तर दादाराव दुसरे आले. मग चिठ्ठी ही शास्त्रीय पद्धत नव्हे असं ठरून वयाचा क्रम घेतला. दादाराव अकरा दिवसांनी सगळ्यांत मोठे निघाले. मग आडनावाचा क्रम घेतला, तोही जमेना. शेवटी राजूभाऊंनाच सुचलं की उत्तम पोहणारा नेहमी अखेरीस असावा. तो मानाचा नंबर. हे सगळ्यांना एकदम पटलं.

"राहू द्या ना बा," दादाराव म्हणाले. "मी शेवटी घालतो. मले सवय आहे."

टाळ्या वाजल्या. खिलाडूवृत्तीचं पदक दादारावांना स्पर्धेच्या आधीच, त्याच सभेत बहाल झालं. भगवंतरावांनी ते स्वतःच्या हाताने गळ्यात घातलं. तेव्हा त्यांना क्षणभर लाज वाटली, आणि आपल्याला लाज वाटते म्हणजे आपण माणूस चांगलेच आहोत, असं वाटून बरंही वाटलं.

स्पर्धा फेब्रुवारीअखेर, रविवारी, सकाळी नऊला सुरू झाली. सूट अंगावर चढवणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, हे पहिल्याच स्पर्धकाच्या वेळी कळलं. पायाला पिशव्या बांधून पाहिल्या, पावडर लावून पाहिली. शेवटी कापूस भरणाऱ्या दोन गड्यांना बोलावलं. बोऱ्यात उभं राहून कापूस खुंदलून भरण्यात सौंसर-पांढुर्ण्याचा हात कोणी धरू शकत नाही. त्यांनी स्पर्धकाला आडवं घातलं, एकाने गुडघा रोवला, दुसऱ्याने मांस आत लोटलं आणि मागची चेन ओढली. चढवायला पस्तीस मिनिटं, उतरवायला पंचवीस, आणि मध्ये पोहायला अर्धं मिनिट. आधुनिक तंत्रज्ञानाने वेळ वाचतो तो असा.

भगवंतरावांचा नंबर दुसरा होता. सूट चढल्यावर त्यांना श्वास घेता येईना, पण आरशात पाहिल्यावर घ्यावासाही वाटेना, इतके ते आत ओढलेले दिसत होते. कलाबाई एवढंच म्हणाल्या, "सांजच्यापर्यंत उतरवजा, नाही तर जेवान कुठं जाईन?"

त्यांनी उडी टाकली आणि चोवीस सेकंदांत पलीकडचा काठ धरला. खरोखरच सूट माणसाला पुढे ढकलत होता. काठावर बसून मंगेश सरांनी आकडा सांगितला तेव्हा भगवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावापुढे एक आकडा लागला होता आणि तो चांगला होता. पुढच्या तिघांना अनुक्रमे एकतीस, अडतीस आणि सव्वा मिनिट लागलं. (सव्वा मिनिटवाल्यांनी मध्ये थांबून घरून फोन आला का ते विचारलं.)

मधेच अकरा वाजता, तिसऱ्याला सूट चढत असताना, शेतीची थ्री फेज लाइट आली आणि बगीच्याच्या दोन्ही मोटारी आपोआप सुरू झाल्या. आपल्याकडचा कोणताही शेतकरी मोटार 'ऑटो'वर ठेवतो: लाइट आली की मोटार सुरू, मालक झोपला असो, लग्नाला गेला असो की जिल्हा अजिंक्यपदाच्या स्पर्धेत पहिला चालला असो. पाणी शेततळ्यातून उचललं जाऊन संत्र्यांच्या बुडाशी थेंब थेंब पडू लागलं. लाइनमनचा कान तो लाइनमनचा. दादारावांनी ओळखलं.

"भाऊ, मोटारी चालून राहिल्या तुमच्या."

"चालू दे," भगवंतराव म्हणाले. "बगीच्याले पानी तं लागतेच ना."

"पानी उतरून राहिलं."

"थोडंसंच तं उतरते."

स्विच वीस पावलांवर, खोलीच्या भिंतीवर होता. भगवंतरावांनी तिकडे पाहिलं. मग त्यांनी विचार केला की अध्यक्षाने स्पर्धा चालू असताना यंत्रणेत ढवळाढवळ करणं बरं नाही. तटस्थता म्हणून ते जागचे हलले नाहीत.

सहावे राजूभाऊ. चढायला पंचावन्न मिनिटं लागली आणि उतरायला काही केल्या तयार होईना. म्हणजे सूट. शेवटी तो काखेपासून गुडघ्यापर्यंत फाटूनच निघाला. तोवर चार वाजले होते. पाणी पाऊण मीटर खाली गेलं होतं आणि काठाला ओल्या प्लास्टिकचा काळा पट्टा दिसत होता. दादाराव सकाळी नऊपासून संत्र्याच्या झाडाखाली, पदक गळ्यात, बसून होते.

"आता कसं करता दादाराव?" राजूभाऊंनी पाठ चोळत विचारलं.

"कसं करतो म्हंजे? पोहतो."

दादारावांनी पदक काढून झाडाच्या फांदीला लावलं, सदरा काढला आणि घरच्या चड्डीवर पाण्यात उतरले. मंगेश सरांनी घड्याळ लावलं. सगळे उभे राहिले. ज्या दोघांचं भोपाळला काम होतं तेही उभे राहिले. दादाराव पलीकडे लागले तेव्हा सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग परत एकदा पाहिलं, आणि तोंड उघडणार एवढ्यात राजूभाऊंनी हात वर केला.

जागेवरच सभा भरली. दादारावांची फेरी दोन मुद्द्यांवर गणतीबाहेर ठरली. पहिला, त्यांनी समान पोशाखाच्या ठरावाचा भंग केला होता. दुसरा मुद्दा शास्त्रीय होता. शेततळ्याचे काठ उतरते असतात. पाणी खाली गेलं की तळं तोकडं होतं. टेप लावला, तर अंतर सव्वादोन मीटरने कमी भरलं. म्हणजे दादाराव इतरांपेक्षा कमी पोहले. एवढी मोठी सवलत मिळाल्यावर त्यांनी तक्रार करू नये अशी अपेक्षा होती, आणि त्यांनी ती केलीही नाही. चड्डी पिळून ते सौंसरच्या बसला गेले. पदक फांदीवरच राहिलं. राजूभाऊंनी ते आठवणीने मागून पाठवून दिलं.

भोपाळला निवड झाली: भगवंतराव.

सगळे पांगल्यावर मंगेश सर निकालपत्राच्या मागच्या बाजूला त्रैराशिक मांडत बसले होते. सव्वादोन मीटर मिळवून दादारावांचा पंचवीस मीटरचा हिशेब लावायला मास्तराला कितीसा वेळ लागणार.

"किती निघते, सर?" भगवंतरावांनी हळूच विचारलं.

"तुमच्याजवळच ठेवा, अध्यक्ष," सर म्हणाले आणि कागदाची घडी त्यांच्या हातात दिली.

भगवंतरावांनी ती चार दिवस खिशात ठेवली. पांढुर्ण्याहून गाडीत बसले, तिगाव मागे पडलं, तेव्हा डब्यात ओळखीचं कोणी नाही हे पाहून त्यांनी ती उघडली. आकडा वाचला. पुन्हा वाचला. खिडकीबाहेर पाहताना त्यांना स्वतःची फार शरम वाटली. या वेळी मागोमाग बरं काही वाटलं नाही. तिथेच त्यांनी ठरवलं, की परत आल्यावर कोणी विचारलं तर दादारावांचा खरा आकडा सांगून टाकायचा, चार लोकांत सांगायचा. (विचारल्याशिवाय सांगायचा नाही, हे त्यातच आलं.)

ते परतले तेव्हा स्टेशनवर संत्र्यांचा हार होता. मंडळी चहाला घरी आली. भगवंतराव खिशावर हात ठेवून बसले. राजूभाऊंनी विचारलं, भोपाळले कितवे आले? एकाने विचारलं, तिथला तलाव किती मोठा? एकाने विचारलं, जेवणाची सोय कशी होती? सुचिताने फोनवर विचारलं, सूट फाटला कसा? दादाराव मुद्दाम सौंसरहून आले होते, त्यांनी विचारलं, "भाऊ, तिथलं पानी खोल होतं?" भगवंतरावांनी सगळ्यांना उत्तरं दिली, दादारावांना देताना जरा अडखळले. मग कलाबाईंनी पोहे आणले. हात खिशावरून काढल्याशिवाय बशी घेता येत नव्हती, म्हणून त्यांनी तो काढला.

त्यांना दोष देणं सोपं आहे, आणि वाचणारे तो देतीलच. आपण काठावरचे लोक. पण भगवंतराव भोपाळला आठांत आठवे आले, हे तुम्हाला जाणून घ्यायचं होतं ना? विचारावंसं वाटलं असेल. तसं दादारावांना किती सेकंद लागले, हेही तुम्ही विचारू शकला असता. सर घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहत होते तेव्हापासून आत्तापर्यंत तुमच्याकडे भरपूर वेळ होता.