नानांची शिफारस

आमच्या शेजारच्या दाविदनानांचा उजवा गुडघा ठरावीक पाहुणे आले की दुखायचा. एरवी सत्तरी ओलांडलेला हा माणूस दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढतो. नशिराबादची सुटलेली बस त्यांनी पळत जाऊन पकडलेली मी स्वतः पाहिली आहे. पण चर्चमधला एखादा तरुण ‘नाना, मला पाळक व्हायचंय’ म्हणत दारात उभा राहिला, की नाना खुर्चीचा हात धरून कण्हायला लागत.

नाना जळगावच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. जन्म धरणगावचा. चारचौघांत ते अगदी घोषणेसारखं स्वच्छ मराठी बोलत आणि आतून काही हललं की अहिराणीवर येत. चर्चच्या कमिटीवर ते पंच होते. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायचं तर काही वर्षं सेमिनरीत शिकावं लागतं आणि तिथल्या प्रवेशाला आपल्या मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चचं, शिफारसपत्र लागतं. ते पत्र लिहिण्याचं काम नानांकडे होतं. अक्षर चांगलं, हे एक कारण. तोंडावर नाही म्हणायला दुसरं कोणी तयार नव्हतं, हे खरं कारण.

या कामासाठी देव माणसाला हाक मारतो असं ते लोक मानतात. ‘बोलावणं’ हा त्यांचा शब्द. मी भूगोलाचा मास्तर, देवळातही सणावारीच जाणारा. मला यातलं काही कळत नव्हतं. मी एकदा विचारलं, बोलावणं आलं की नाही हे तिसऱ्याला कसं कळणार? नाना म्हणाले, “सर, मी स्टँडवर चोपड्याची गाडी पुकारली की पारोळ्याचेही उठायचे. हाक ऐकू येणारे पुष्कळ. ती आपल्याला होती का, हे बघावं लागतं.”

ते बघण्यासाठी गुडघा होता. उमेदवाराला बसवायचं, अतिगोड चहा द्यायचा आणि गुडघ्याची कहाणी सुरू करायची. ती भुसावळच्या एका हाडवैद्यापासून निघून तिळाच्या तेलामार्गे सुनसगावच्या साडूपर्यंत जायची. दीड तास सहज. उमेदवारानं मोबाइल काढला, नापास. “माझ्याही काकांना असंच झालं होतं,” म्हणाला, नापास. प्रार्थनेनं गुडघा बरा करतो म्हणाला, तर नाना त्याला स्वतः फाटकापर्यंत सोडून येत, ताठ चालत.

एक योहान नावाचा तरुण आला होता. शब्दाशब्दाला अडखळायचा. कमिटीतले सगळे म्हणाले, हा प्रवचन काय देणार? त्यानं पूर्ण कहाणी ऐकली आणि निघताना मोठ्या कष्टानं एवढंच विचारलं, की नाना, तुम्ही जिन्याला कठडा का बसवून घेत नाही? नानांनी त्याच्यासाठी दोन पानी पत्र लिहिलं आणि कमिटीशी भांडून ते पाठवलं. आज तो साक्रीकडे पाळक आहे. अजून अडखळतो. नाना सांगत, “लोक थांबतात त्याच्यासाठी. घाईची बठ्ठी माणसं त्याच्याकडे येऊन थांबाले शिकनात.” म्हणजे, घाईतली सगळी माणसं थांबायला शिकली.

नानांची मुलगी रूथ. चौतिशीची, जळगावातल्याच एका दवाखान्यात नर्स. आई अकरा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घर, स्वयंपाक, नानांच्या बीपीच्या गोळ्या, सगळं तिच्याकडे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत कूलरची घरघर, अशा एका दुपारी तिनं जेवताजेवता सांगितलं की तिला सेमिनरीत जायचंय. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत काम करायचंय.

नाना ‘बरं’ म्हणाले आणि भरीत आणखी वाढून घेतलं.

मग तिची परीक्षा सुरू झाली. आता तिला गुडघा सांगून उपयोग नव्हता. तो खोटा आहे हे घरात तिलाच ठाऊक. तेव्हा नानांनी नवे पेपर काढले. महिनाभर उपासनेनंतर सगळ्या सतरंज्या तिनं एकटीनं घडी करायच्या. तिनं केल्या. मग धरणगावच्या शलोमी आत्याकडे आठ दिवस राहायचं. ही आत्या एवढी तिरसट, की पाहुणे तिच्याकडे पिशवी खाली न ठेवता बसत. रूथ आठ दिवसांनी परतली ती आत्यानं नेसवलेल्या नव्या लुगड्यात. नाना म्हणाले, आत्या आता वयानं मऊ झाली, हे धरता येणार नाही. मग त्यांनी तिला ‘मी का जाते’ यावर निबंध लिहायला लावला आणि तो हरवला. तिनं पुन्हा लिहिला. तोही हरवला.

प्रवेशाचा अर्ज पाठवायला आठवडा उरला, तेव्हा रूथ आमच्याकडे आली. रडली वगैरे नाही. ओट्यावर बसून माझ्या बायकोबरोबर गवार मोडता मोडता म्हणाली, “सर, बाबा नाही म्हणाले तर मला समजेल. पण ते काहीच म्हणत नाहीत.”

मी नानांकडे गेलो. चिडूनच गेलो होतो. म्हटलं, परक्यांच्या पोरांना दीड तासात निकाल देता आणि सख्ख्या मुलीला दीड महिना लटकवून ठेवलंय. नापास असेल तर तसं सांगा.

नाना बराच वेळ पेपरची घडी करत राहिले. मग म्हणाले, “ती कवयनी पास शे, सर.” म्हणजे, कधीचीच पास आहे.

मग त्यांनी सांगितलं. बायको शेवटच्या आजारात दवाखान्यात होती. शेजारच्या खाटेवर सातपुड्याकडची, यावलच्या रानातली एक म्हातारी. तिची बोली कोणाला कळत नव्हती, सोबत कोणी नव्हतं, आणि ती दिवसभर कुठल्यातरी नावानं हाका मारत राहायची. तेव्हा रूथ नर्स होऊन वर्षच झालं होतं. ड्यूटी संपवून ती आईपाशी येऊन बसायची. एके दिवशी उठली, म्हातारीच्या केसांची जट सोडवली, तेल लावलं, वेणी घातली. तास गेला त्यात. हाक आली की ‘ओ’ द्यायची. म्हातारी शांत झोपली.

“मी बायकोला म्हटलं, ही पोर आपल्याजवळ राहणार नाही. ती म्हणाली, मग सांगा तिला तसं. मी म्हटलं, सांगतो.” नानांनी पेपरची घडी पुन्हा उलगडली. “मी बोलावणं ओळखतो, सर. ओळखलं म्हणूनच बोललो नाही.”

माझा राग कुठे गेला कळलं नाही.

पत्र त्यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं. उघडंच पाकीट रूथच्या हातात दिलं आणि उगाच गच्चीवर टाकीत पाणी किती आहे ते बघायला गेले. तिनं ते मला दाखवलं. दोन पानं लिहिणाऱ्या नानांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या: ‘हिला बोलावणं आहे हे मला अकरा वर्षांपासून माहीत आहे. सांगायला उशीर झाला तो दोष माझा, तिचा नव्हे.’

नाना खाली आले तेव्हा ती दारातच उभी होती. “आईला माहीत होतं?” तिनं विचारलं. नानांनी होकारार्थी मान हलवली. तिनं त्यांचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

जूनअखेर ती गेली. स्टेशनवर नानांनी तिच्या डब्यातल्या प्रत्येकाची कुठे उतरणार म्हणून चौकशी केली, एका बाईंना खिडकी बदलायला लावली आणि गाडी हलल्यावर हातही हलवला नाही. नुसते बघत उभे राहिले.

त्या शनिवारी संध्याकाळी ते आमच्याकडे आले. घोषणेच्या मराठीत म्हणाले की चर्चमधला त्यांचा बाक जुना आहे, एकाच बाजूला वजन पडलं तर कलतो. तेव्हा उद्या सकाळी मी मोकळा असलो तर दुसऱ्या टोकाला बसायला यावं. काही म्हणायचं नाही, उठायचं नाही, नुसतं बसायचं.

मी गेलो. बाक भिंतीत पक्का बसवलेला होता. मी तरीही दुसऱ्या टोकाला बसलो. नानांनी गीतांचं पुस्तक उघडलं आणि दोघांना दिसेल असं मधोमध धरलं.