शेततळ्यात होडीचं रनिंग

"आप्पा, मुंगीसुद्धा पुढं जाईल इतकी सावकाश होडी चालवतो का न्हाय बघा!" भिगवणच्या सुयोगनं छाती ठोकून सासऱ्यांना सांगितलं. तेव्हाच कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता.

सुयोगची उजनी धरणाच्या पाण्यावर पर्यटकांना पक्षी दाखवायची होडी. पण दुसरी होडी नजरेला पडली की याचा हात शिवशिवलाच! इंजिनाची मूठ फुल्ल पिरगाळायची आणि होडी पुढं काढायची. असल्या शर्यतीपायीच इंजिन जाम झालं. बारामतीच्या अफजल मिस्त्रीनं ते खोलून नवा पिस्टन टाकला आणि दम भरला, "पहिलं दहा तास रनिंग! नवा पिस्टन बसेपर्यंत कमी-जास्त करत चालव, पण मूठ फुल्ल पिळू नको. पिळलंस तर परत माझ्या दारात यायचं न्हाय!"

धरणावर गेला की हा पिळणार, याची बायकोला, माधवीला, खात्रीच होती. तिनंच तोडगा काढला. कऱ्हाटीला तिच्या माहेरी हे भलंमोठं शेततळं. तिथं ना दुसरी होडी, ना शर्यत!

सुयोग तर हरखलाच. तिचे वडील आप्पासाहेब लग्नापासून त्याला उडाणटप्पू म्हणत आलेले. आपणही धीरानं, जबाबदारीनं वागू शकतो हे त्यांना एकदा तरी दाखवायचंच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

टेम्पोतून होडी आली, तळ्यात उतरली. पुढं आप्पासाहेब फेटा सावरून बसले, मागं इंजिनाशी सुयोग. गोल गोल फेऱ्या सुरू झाल्या. आप्पा खूश!

"सुधारलात की वो, जावईबापू!"

सुयोगला भरून आलं. एवढे गोड शब्द त्यानं लग्नातसुद्धा ऐकले नव्हते.

तेवढ्यात शेजारच्या रानातले बापूसाहेब म्हैस घेऊन तळ्याच्या बांधावर चढले. भावकीतलेच, पण आप्पांना डिवचल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

"आप्पा, होडी हाय का पाळणा?" बापूसाहेब ओरडले. "आमची चंद्री पुढं गेली की वो!"

खरंच की! चंद्री डुलत डुलत होडीच्या पुढं निघाली होती. बांधावर माणसं जमली आणि फिदीफिदी हसू लागली. आप्पांचे कान लाल झाले.

"जावईबापू, वाढवा जरा."

"मिस्त्री नको म्हणलाय, आप्पा."

"मिस्त्री गेला उडत! म्हशीच्या मागं ऱ्हायलो तर गावात तोंड कुठं दाखवू?"

सुयोगनं उजवा हात डाव्या हातानं गच्च धरला. "आप्पा, मी सुधारलोय!"

"उद्या सुधरा! आज पिळा!"

आता साक्षात सासराच सांगतोय म्हटल्यावर जावयानं काय करायचं? पिळलं! होडी उधळली. लाट बांधावरच्या मंडळींच्या अंगावर गेली, आप्पांचा फेटा पाण्यात गेला. "आजून! आजून!" आप्पा ओरडत होते. धरणावर वळायला मैलभर जागा असते, इथं लगेच कोपरा आला. होडी तिरकी होऊन काठावर चढली, पंख्यात तळ्याचा प्लॅस्टिकचा कागद अडकला आणि फर्रर्र करून फाटत गेला. इंजिन बंद पडलं.

फाटक्या कागदातून पाणी बांधात घुसलं, बांध फुटला आणि सगळं तळं भसाभसा बापूसाहेबांच्या उसात निघालं. बघता बघता होडी काठावरून घसरत तळाला टेकली. आत सासरा-जावई तसेच बसलेले!

"जावईबापू!" बापूसाहेब पोट धरून हसत होते. "उरलेलं रनिंग आमच्या उसात करा! तितं आता लई पानी हाय!"

काठावर माधवी कमरेवर हात ठेवून उभी होती. सुयोगनं मान खाली घातली. इंजिन एक वेळ वाचलं असेल, पण आपण मात्र सासुरवाडीतून कायमचे उठलो, या विचारानं त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आप्पा हळूच मागं सरकले आणि त्याच्या कानाला लागले.

"खरं सांगा. म्हशीच्या पुढं गेलो का न्हाय आपण?"

"गेलो की, आप्पा."

"मग रडताय कशाला? कागद दुसरा आणू!" आप्पांनी त्याच्या पाठीत जोरात थाप मारली. "शाब्बास! माझा जावई शोभतोय!"

खरं तर होडीनं गाठायच्या आधीच चंद्री बांधावर गवत खायला थांबली होती. पण हे सांगायचा धीर सुयोगला आजतागायत झालेला नाही.