पेनरोझ हॉलचा पाहुणा

सोमवारी सकाळी आयव्ही प्राउट टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासमोर येऊन बसली, तेव्हा बोर्डावरच्या निम्म्या झडपा आधीच पडलेल्या होत्या. झडप पडली म्हणजे त्या घरचं कोणीतरी फोनची कळ फिरवून बोलावतंय. एरवी सोमवारी सकाळी कुराबंडी गावात कोणाला फोन करायची घाई नसे. कपडे धुवायचा वार तो. पण आज जो तो आयव्हीला एकच विचारत होता, आमचा रेडिओ नुसता खरखरतोय, बाकीच्यांचा लागतोय का?

कोणाचाच लागत नव्हता. रविवारच्या वादळात टेकडीवरच्या रेडिओ केंद्राचा मनोरा आडवा झाला होता. तो पडला तो नेमका कोणाच्या तरी मेंढ्यांच्या कुंपणावर. मेंढ्या पळाल्या, त्या सापडल्याही, पण मनोरा उभा करायला माणसं सिडनीहून यायची होती. केंद्रावरचा माणूस म्हणाला, आठवडा तरी जाईल.

आठवडाभर बातम्या नाहीत, याचं कोणाला काही वाटलं नाही. लोकरीचे भाव कळणार नाहीत म्हणून पुरुषमंडळी थोडी कुरकुरली. पण दुपारी एक वाजता ‘पेनरोझ हॉल’ ही मालिका ऐकू येणार नाही, हे लक्षात आलं आणि गावाचा जीव टांगणीला लागला. कारण शुक्रवारचा भाग अशा जागी संपला होता की शनिवार-रविवार लोकांनी कसेबसे ढकलले होते. कॉन्स्टन्स पेनरोझचं डॉक्टरशी लग्न लागायला निघालं होतं. पाहुणे जमले होते, केक कापायची सुरी पुसून ठेवली होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. भिजलेल्या कोटातला एक अनोळखी माणूस उभा. बटलरनं विचारलं, आपलं नाव? आणि व्हायोलिनं वाजली.

शनिवारी रात्रीच्या नाचात, रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, बेकरीत पाव घेताना, सगळीकडे तोच विषय होता. कोणी म्हणे तो कॉन्स्टन्सचा भाऊ, कोणी म्हणे पोलीस. बेकरीवाला एर्न टली म्हणे, तो डॉक्टरकडून पैसे वसूल करायला आलेला असणार, कारण डॉक्टरचा आवाजच लबाड आहे.

साडेबाराला म्युरिअल गॅफनीची झडप पडली. म्युरिअल ही आयव्हीची शाळेपासूनची मैत्रीण. कोंबड्यांच्या खुराड्याच्या शिडीवरून पडून तिचा पाय प्लॅस्टरमध्ये होता आणि ती महिनाभर स्वयंपाकघरातल्या कोचावर पडून होती. नवरा सकाळी मेंढ्यांमागे जायचा तो अंधार पडता यायचा.

“आयव्ही, मला दिवसाकाठी पंधरा मिनिटं असतात गं,” ती म्हणाली. “बाकीचा दिवस मी छताकडे बघते. तेवढी पंधरा मिनिटंही गेली.”

आवाज रडवेला होता. आयव्हीला राहवलं नाही. किनाऱ्यावरच्या पोर्ट एल्डनच्या मोठ्या एक्स्चेंजमध्ये बेरिल नावाची तिची ओळखीची ऑपरेटर होती. दोघी कधी भेटल्या नव्हत्या, पण वर्षानुवर्षं ट्रंक लाइनवरून एकमेकींना हवापाणी विचारत आल्या होत्या. पोर्ट एल्डनचं रेडिओ केंद्र शाबूत होतं. बेरिलनं आपल्या टेबलावरच्या रेडिओसमोर फोन धरायचा, आयव्हीनं ती ट्रंक लाइन इकडे म्युरिअलच्या तारेला जोडून द्यायची, असं ठरलं. हे नियमात बसणारं नव्हतं. पण पंधरा मिनिटांचा तर प्रश्न होता, आणि एक्स्चेंजचा कारभार बघणारे पोस्टमास्तर लॅमंडसाहेब एक ते दोन जेवायला घरी जात.

पहिली चूक तिथेच झाली. म्युरिअलच्या तारेवर सहा घरं होती. एका घरी फोन वाजला की बाकीचे पाच हळूच उचलले जात, आणि आम्ही कधी दुसऱ्याचं ऐकत नाही असं सहाही घरं शपथेवर सांगत. त्या पाच घरांना सुगावा लागला. त्यांनी आपापल्या बहिणींना, नणंदांना कळवलं, तेही अर्थात आयव्हीच्या मार्फतच. एक वाजायला आला तेव्हा बोर्डावरची एकूण एक झडप पडली होती. म्युरिअलला जोडून दिलं आणि मला नाही, असं आयव्हीनं कोणाला सांगायचं? हाताला लागतील तेवढ्या जोडणीच्या दोऱ्या तिनं बोर्डात खोचल्या.

रेडिओ सुरू झाला. साबणाची जाहिरात खणखणीत ऐकू आली. पण जसजसे फोन उचलले जात होते, तसतसा आवाज बारीक होत होता, कारण एका तारेतली ताकद सगळ्या गावात वाटली जात होती. शिवाय अख्खं गाव आता एकाच तारेवर होतं. कोणाच्या तरी चुलीवर काहीतरी रटरटत होतं. एर्न टलीचा कुत्रा भुंकत होता. आपलं बोलणं कोणाला ऐकू जातंय हे न कळून एक बाई नवऱ्याला सांगत होती की पाद्र्याच्या बायकोच्या केकमध्ये अंडं औषधालाही नसतं. त्यावर पाद्र्याची बायको म्हणाली, “असतं.” मग सगळे एकदम चूप झाले.

त्या शांततेत बटलरचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा आला. आपलं नाव काय, साहेब? भिजलेला माणूस खाकरला. माझं नाव, तो म्हणाला, आणि त्यापुढे डास गुणगुणल्यासारखं काहीतरी झालं. मग संगीत.

सगळेच एकदम बोलू लागले. काय म्हणाला? तुला आलं ऐकू? मला नाही आलं.

“आयव्हीला आलं असेल,” म्युरिअल म्हणाली. “तिच्या कानावर हेडफोन आहे.”

आयव्हीला काहीही ऐकू आलं नव्हतं. पण गेली कित्येक वर्षं हे गाव तिला विचारत आलं होतं. गाडी वेळेवर आहे का, डॉक्टर कोणाकडे गेलेत, खाटकाकडे कोकराचं मांस आलं का, किती वाजले. आणि आयव्हीला नेहमी माहीत असे. माहीत नाही, हे शब्द बोर्डावर बसून तिनं कधी उच्चारलेच नव्हते. शिवाय म्युरिअल श्वास रोखून थांबली होती.

“रुपर्ट,” आयव्ही म्हणाली.

रुपर्ट म्हणजे कॉन्स्टन्सचा पहिला नवरा. तो युद्धात बुडाल्याचं गेल्या वर्षीच्या एका भागात सांगून झालं होतं, आणि त्या दिवशी निम्म्या कुराबंडीत डोळे पुसले गेले होते.

“रुपर्ट तर मेला,” एर्न टली म्हणाला.

“त्यांना तसं वाटलं होतं,” आयव्ही म्हणाली, आणि सगळ्या दोऱ्या उपटून मोकळी झाली.

रुपर्टचं नाव तोंडून गेलं कसं, हे तिचं तिला कळेना. पण आता खरं काय झालं ते बेरिलला विचारायचं आणि गावाला सांगायचं की माझी ऐकण्यात चूक झाली, असं ठरवून तिनं पोर्ट एल्डनची लाइन मागितली. तिकडून एका पुरुषाचा आवाज आला. बेरिलला फोन रेडिओपुढे धरताना तिच्या वरिष्ठानं पाहिलं होतं आणि तडकाफडकी तिला आत तार-विभागात बसवलं होतं. तुमचं काही कामाचं असेल तर बोला, तो म्हणाला. आयव्हीनं काही नाही म्हणून फोन ठेवला. भिजलेल्या कोटातला माणूस कोण, हे आता तिला विचारता येईल असं कोणी राहिलं नव्हतं. आणि कुतूहल तर तिलाही गावाइतकंच होतं, कांकणभर जास्तच.

मंगळवारी एकच्या सुमाराला झडपा पुन्हा धडाधड पडल्या. आयव्हीनं शांत आवाजात सांगितलं की एवढ्या फोनांवर आवाज पोचत नाही, तेव्हा मी एकटी ऐकते आणि मागोमाग तुम्हाला सांगते. मग हेडफोन सारखा केला आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत ती सांगू लागली.

रुपर्ट आला तर आला, पण त्याला काहीच आठवत नाही. तो कॉन्स्टन्सला ओळखतच नाही. मात्र पियानोपाशी गेल्यावर त्याची बोटं आपोआप तिचं आवडतं गाणं वाजवतात. बुधवारी डॉक्टरनं जुन्या मालकाचं मृत्युपत्र कपाटातून पळवलं. गुरुवारी कॉन्स्टन्सच्या चहाला कडू वास येऊ लागला. आयव्हीला वाटलं होतं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपली अक्कल संपेल. पण रोज सकाळी सायकलवरून येताना पेनरोझ हॉलचं एकेक नवं दार तिच्यापुढे उघडत होतं. बटलरचा आवाज तर तिला इतका छान जमला की ऐकणारे म्हणाले, आज बटलर स्वतःच बोलल्यासारखं वाटलं. एर्न टलीचे दोन घाणे पाव करपले आणि त्यानं ते तक्रार न करता डुकरांना घातले.

तक्रार केली ती लोकरीच्या व्यापाऱ्यानं. दुपारी एकच्या पुढे कुराबंडीचं एक्स्चेंज उत्तरच देत नाही, असं त्यानं लॅमंडसाहेबांना बजावलं. साहेब सरळमार्गी माणूस. पोस्टाची तिकिटंसुद्धा ते कडेच्या रेघेवर बरोबर फाडत. शुक्रवारी ते जेवायला गेले आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरले.

आयव्ही तेव्हा रंगात आली होती. डॉक्टर माळ्याला धमकावून मृत्युपत्रावर साक्षीची सही करायला लावतोय, इथवर ती आली आणि मागून बुटांचा आवाज झाला. तिनं वळून पाहिलं. लॅमंडसाहेब दारात उभे होते. बोर्डावरची एकूण एक दोरी खोचलेली त्यांनी पाहिली. एवढ्या वर्षांची नोकरी या दारातून बाहेर जाताना तिला दिसली.

हेडफोनमधून सगळे विचारत होते, मग? पुढे?

“मिस प्राउट,” साहेब सावकाश म्हणाले, “मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एकट्या माळ्याची सही कोर्टात टिकायची नाही.”

“स्वयंपाकीणपण होती तिथे,” आयव्ही म्हणाली. “पडद्यामागे.”

साहेबांनी विचार केला. “मग हरकत नाही,” ते म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. दार मात्र त्यांनी अर्धवट उघडंच ठेवलं. नंतर व्यापाऱ्याला त्यांनी कळवलं की दुपारी थोडा वेळ लाइनची देखभाल चालते, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

शनिवारी सिडनीची माणसं आली आणि रविवारी संध्याकाळी मनोरा उभा राहिला. ती रात्र आयव्हीनं कूस बदलत काढली. उद्या दुपारी घराघरांत खरा ‘पेनरोझ हॉल’ लागणार. तिथे रुपर्टचा पत्ता नसेल, मृत्युपत्राचा नसेल, चहाही साधाच असेल. आणि गावाला कळेल की ज्या आवाजावर आपण डॉक्टर बोलावतो, आग विझवायला माणसं बोलावतो, तो आवाज आठवडाभर आपल्याला थापा मारत होता. यापुढे आयव्ही म्हणाली गाडी वेळेवर आहे, तर लोक स्टेशनवर जाऊन बघून येतील.

सोमवारी एक वाजला. एकही झडप पडली नाही. आयव्ही बोर्डासमोर हात बांधून बसली. एक्स्चेंजमध्ये रेडिओ नव्हता. रस्त्यापलीकडच्या बेकरीतून व्हायोलिनं ऐकू आली, पण शब्द कळत नव्हते. बोर्ड इतका गप्प तिनं कधी पाहिला नव्हता. ही पंधरा मिनिटं म्युरिअल छताकडे बघत नसेल एवढंच तिला बरं वाटलं.

सव्वा वाजला आणि म्युरिअलची झडप पडली. आयव्हीनं दोरी खोचली.

“म्युरिअल,” ती लगेच म्हणाली, कारण थांबली असती तर धीर झाला नसता, “ते सगळं मी मनानं रचलं होतं. मला नावच ऐकू आलं नव्हतं.”

“ते माहितीये गं,” म्युरिअल म्हणाली. “माझी बहीण मंगळवारी सूप घेऊन आली ना पोर्ट एल्डनहून. तिनं तिकडे नीट ऐकलं होतं. त्याच संध्याकाळी सांगून मोकळी झाली.”

“मग गावाला?”

“आमच्या तारेवर सहा घरं आहेत, आयव्ही.”

आयव्हीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मंगळवारीच सगळ्यांना कळलं होतं. म्हणजे बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, पाव करपेपर्यंत हे सगळे फोन कानाला लावून बसले होते, ते सगळं माहीत असताना. आणि कोणी एका शब्दानं तिला दुखावलं नव्हतं. मग जे आठवडाभर तिला कुरतडत होतं तेच तिनं विचारलं.

“मग तो होता तरी कोण? भिजलेला?”

“तो होय?” म्युरिअल कंटाळून म्हणाली. “पियानो दुरुस्त करणारा. पत्ता चुकून आला होता. त्याला कोरडा कोट दिला आणि लग्न लागलं. आज दोघं मधुचंद्राच्या गाडीत बसली, आणि पंधरा मिनिटं नुसतं सामान मोजत होती.”

लाइनवर एर्न टलीचा कुत्रा भुंकला. कोणीतरी त्याला गप्प केलं. आयव्हीनं बोर्डाकडे नजर टाकली. एकेक करून झडपा पडत होत्या, वरच्या रांगेतल्या, मग खालच्या.

“ते जाऊ दे,” म्युरिअल म्हणाली. “स्वयंपाकीण पडद्यामागे होती. तिला डॉक्टरनं पाहिलं का?”

आयव्हीनं आजचं काहीच ठरवलं नव्हतं. तिनं एकेक दोरी उचलून खोचायला सुरुवात केली. शेजारच्या खोलीत लॅमंडसाहेबांनी खुर्ची दाराजवळ सरकवल्याचा आवाज झाला.

“पाहिलं नाही,” ती म्हणाली. “पण पडद्याखालून तिचे बूट दिसत होते.”