पोपट शेजारीच का उतरतात

लिहिणं हे आमच्या घरात कोणी केलेलं काम नाही. कॉलेजात जाणारा मी पहिलाच, तेव्हा काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण माले गावच्या किसनतात्यांबद्दल कोणीतरी लिहायला हवं. पोपटांनी आपला मका खाल्ला नाही म्हणून रुसलेला शेतकरी मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आमच्या घरामागं तात्यांचा मका, त्याला लागून त्यांचे धाकटे भाऊ रामभाऊ यांचा मका, आणि मध्ये बांध. त्या बांधावरूनच दोघांचं बोलणं बंद आहे. पोपटांचा थवा उतरायचा तो थेट रामभाऊंच्या रानात. वरून कणसं अर्धी खाल्लेली, खाली उंदरांनी मक्याची ताटं कुरतडलेली. दुसरा कोणी सुटलो म्हणाला असता. तात्या आपल्या भरल्या कणसांकडे बघून उसासे टाकायचे.

"पाखराला चव कळती," ते म्हणायचे. "माझ्या कणसात काय इख हाय का?"

यंदा त्यांनी रामभाऊ घेतात त्याच दुकानातून, तेच बियाणं आणलं. तरी थवा पलीकडेच. मग तात्यांनी आपलं बुजगावणं उपटलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा चार कणसं स्वतः सोलून ठेवली आणि पोपट येतात का ते बघायला रोज संध्याकाळी मक्याच्या मधोमध जाऊन बसू लागले. तुम्हीच तिथं बसल्यावर पाखरू कसं येईल, असं मी भीत भीत विचारलं.

"कालेजात हेच शिकिवत्यात व्हय?" तात्या म्हणाले.

उंदरांचा रागही तसाच. त्यांनीसुद्धा संसार रामभाऊंकडेच मांडावा, हे तात्यांना फार लागलं होतं. एकदा मला हळूच म्हणाले, "आईबी सायीची वाटी त्यालाच द्यायची. लहानपनापास्नं असंच हाय बग."

माझी आई कुणाच्या भानगडीत पडत नाही. पण पहाटे ती गवताला जाते, आणि परवा तात्या डेअरीवरून परतताना आमच्या ओट्यावर टेकले तेव्हा तिला राहवलं नाही. तिनं सांगितलं ते असं. तात्या दूध घालायला गेले की रामभाऊ बांध ओलांडतात. तात्यांच्या रानात उभं राहून गोफण फिरवतात, बिळांत मिरचीची धुरी देतात आणि तात्यांची सायकल वळणावर दिसली की माघारी जातात. बुजगावणं काढल्यापासून तर त्यांनी एक सकाळ चुकवलेली नाही.

तात्या रिकाम्या किटलीची कडी नुसती खालीवर करत राहिले. ते रामभाऊंना शिवी देतील, असं मला वाटलं.

"आन तवर त्याच्या रानात कोन असतं?" त्यांनी विचारलं.

आई गवताचा भारा सोडत होती. "कोन असनार, तात्या," ती म्हणाली. "पोपाट."