मास्तरांचा डोळस नळ

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोल्यांत संसार आणि मधल्या दाराला पडदा. पडद्याच्या अलीकडे अख्ख्या गल्लीची मापं मास्तरांना तोंडपाठ, पडद्याच्या पलीकडे मास्तरांचं माप मास्तरीणबाईंना तोंडपाठ, अशी वर्षानुवर्षांची वाटणी होती आणि ती दोघांनाही मानवली होती.

यंदा स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नवं करायचं ठरलं. (ठरवलं मास्तरीणबाईंनी. मास्तरांनी ‘बरं’ म्हटलं.) घरातला एकही नळ धड राहिला नव्हता. जो नळ गळेल त्याच्या मानेला मास्तर दुकानातली चिंधी आवळून बांधायचे. स्वयंपाकघरातल्या नळाला सुटाच्या कापडाची, न्हाणीघरातल्याला अस्तराची आणि हात धुण्याच्या नळाला तर चक्क मखमलीची. नळ तरीही गळायचेच, फक्त जरा ऐटीत गळायचे.

फरशी, रंग, कपाटं, खिडकीची जाळी, सगळं मास्तरीणबाईंनी निवडलं. नवऱ्यालाही आपण काहीतरी केलं असं वाटावं म्हणून त्या शेवटी म्हणाल्या, “नळ तेवढे तुम्ही बघा.”

नळात माणूस चुकून चुकून किती चुकणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मास्तरांनी ते भलतंच मनावर घेतलं. हातातली कात्री खाली ठेवून ते म्हणाले, “हे बघ, लोक सुटाला कापड घेतात उंची आणि पँटीला चेन घालायला सांगतात स्वस्तातली. मग भर समारंभात माणूस दोन्ही हात पुढे बांधून उभा राहतो, तो काही नम्र असतो म्हणून नाही. घराचंही तसंच असतं. फरशी साधी चालेल, बेसिन साधं चालेल. पण ज्या वस्तूला दिवसभर हात लागतो ती उत्तमच हवी.”

“बेसिन जरा खोलगट घेऊ या की.”

“बेसिनला कोण हात लावतं?” मास्तरांनी विचारलं आणि प्रश्न मिटवून टाकला. बेसिन आलं ते बशीसारखं उथळ.

नळ घ्यायला दोघं मिळून शोरूममध्ये गेले. तिथे भिंतभर नळ मांडले होते, जणू काही शर्यतीत जिंकलेली बक्षिसं. मास्तरांनी एकेक नळ कापड पारखावं तसा पारखला. चिमटीत धरला, उजेडाकडे फिरवला, नखानं खरवडला.

“धुतल्यावर रंग उतरणार नाही ना?” त्यांनी टायवाल्या विक्रेत्याला विचारलं.

नळ धुण्याबद्दल त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. “नाही साहेब. आतून-बाहेरून पितळ आहे. तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल.”

“आम्हाला मूलबाळ नाही,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“मग तर आणखीच टिकेल,” विक्रेता म्हणाला. माणूस धंद्यात मुरलेला होता.

स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा नळ ठरला. दोन्ही वजनदार, दोन्ही सुरेख. बोटानं ढकलावं आणि पाणी निमूट बंद व्हावं. इथेच मास्तर थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण विक्रेत्यानं त्यांना कोपऱ्यातल्या एका बेसिनपाशी नेलं आणि तिथल्या नळाखाली नुसता हात धरला. पाणी आलं. हात काढला. पाणी गेलं.

“सेन्सर,” विक्रेता हळूच म्हणाला. “नळाला डोळा असतो साहेब. समोर कुणी आलं की त्याला दिसतं. याला हात लावावाच लागत नाही.”

मास्तरांनी हात धरला, काढला. पुन्हा धरला, पुन्हा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की मास्तरीणबाईंना त्यांचं लग्न आठवलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हात लागतो म्हणून नळ चांगला हवा, असं तुम्हीच म्हणालात ना? याला तर हातच लावायचा नाहीये.”

“हात लावायचा नाही म्हणून तर तो आणखी टिकणार,” मास्तर म्हणाले. (प्रेमात पडलेल्या माणसाशी वाद घालू नये. मास्तरीणबाईंनी घातला नाही.)

प्लंबरनं दोन दिवसांत तिन्ही नळ बसवले. स्वयंपाकघरातला नळ तर असा काही निघाला की मास्तरीणबाई काम नसतानाही तो चालू करून बघायच्या. घरातली टपटप थांबली. “कुणीतरी पाहुणा निघून गेल्यासारखं वाटतंय,” त्या म्हणाल्या, पण ते आनंदानं.

मग हात धुण्याच्या डोळस नळाची पाळी आली. प्लंबरनं हात धरून दाखवला, पाणी आलं. मास्तरीणबाईंनी धरला, आलं. मास्तरांनी बाह्या वर सारल्या, घसा खाकरला आणि ते बेसिनपाशी गेले.

हात अजून अंगालगत होते. पाणी आधीच सुरू झालं. जोरात आलं, बशीसारख्या बेसिनवर आपटलं आणि तिथून उसळून थेट मास्तरांच्या पँटीवर आलं. तेही नेमकं जिथे यायला नको तिथे.

मास्तर मागे सरकले. पाणी थांबलं. मास्तर पुढे आले. पाणी उसळलं.

“नळ बिघडलाय,” मास्तर म्हणाले.

प्लंबरनं नळाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे बाजूनं पाहिलं, मग उगाच आपला पाना पुसत बसला.

“बिघडलेला नाही मास्तर. त्याला समोर कुणी आलेलं दिसतं आणि तो पाणी सोडतो.”

“पण माझे हात कुठे आलेत अजून?”

“हात नाही आले. तुम्ही आलात.”

“मी कुठे आलो? मी मागेच उभा आहे.”

“तुम्ही मागेच आहात,” प्लंबर अदबीनं म्हणाला, “पण थोडेसे आधी येताय.”

हे कळायला मास्तरांना जरा वेळ लागला. मास्तरीणबाईंना अजिबात लागला नाही. त्या सिमेंटच्या पोत्यावर बसल्या आणि पदर तोंडाशी धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

“दोन मिनिटांचं काम आहे,” प्लंबर म्हणाला. “खाली एक स्क्रू असतो. त्याची नजर कमी करून देतो. मग हात अगदी जवळ आल्याशिवाय त्याला काही दिसणार नाही.”

खरं तर इथे सगळं मिटायला हवं होतं. पण नळाची नजर कमी करायची म्हणजे पोट जास्त आहे हे कबूल करायचं. मास्तर ताठ झाले. “एवढा उंची नळ आणायचा आणि त्याची नजर अधू करायची? मुळीच नाही. मी जरा बेतानं उभा राहीन.”

दुसऱ्या दिवसापासून मास्तर बेतानं उभे राहू लागले. लांब उभं राहून, कमरेत वाकून, पोट आत ओढून, हात पुढे. दुरून पाहणाऱ्याला वाटावं की मास्तर नळाला मुजरा करताहेत. पण माणूस पोट किती वेळ आत ओढणार? कधीतरी श्वास सोडावाच लागतो, आणि मास्तरांनी श्वास सोडला की नळ पाणी सोडी.

मास्तर रोज ओल्या पँटीनं दुकानात येऊ लागले.

“नवा नळ बसवलाय,” ते गिऱ्हाइकाला आपणहून सांगायचे. गिऱ्हाईक “हो का” म्हणायचं आणि मोठ्या समजूतदारपणे दुसरीकडे बघायचं. शेजारच्या किराणावाल्यानं तर एकदा मास्तरांना बाजूला घेतलं. “वयोमानानं होतं असं,” तो म्हणाला. “लाजू नका. माझ्या काकांना एका डॉक्टरांचा चांगला गुण आलाय.” त्यानं पत्ताही दिला.

तेव्हा मास्तरांनी एक युक्ती काढली. दुकानात आल्याबरोबर ओली पँट काढायची, इस्त्री फिरवून वाळवायची, तोवर दुसरं काहीतरी अंगावर चढवायचं. कटिंगच्या उंच टेबलामागे कोण बघतंय?

एक दिवस हाताशी दुसरं काहीच नव्हतं. होती ती फक्त वकीलसाहेबांची नवी करडी पँट, तयार होऊन टांगलेली. वकीलसाहेब म्हणजे गल्लीतलं सर्वांत मोठं माप. ती पँट शिवताना मास्तर बायकोला म्हणाले होते, “पँट कसली, तंबूच शिवतोय.” आता त्यांनी विचार केला, की पाच मिनिटांचा प्रश्न आहे, कमरेला हातानं धरून ठेवू.

त्यांनी पँट चढवली आणि कमरेला धरायला हात नेला. धरायला काही उरलंच नव्हतं. वकीलसाहेबांची पँट मास्तरांना अशी बसली होती, जणू त्यांच्याच मापानं बेतली होती. मास्तर हातात इस्त्री घेऊन स्तब्ध उभे राहिले. गल्लीभरच्या कमरांवर त्यांनी आयुष्य काढलं होतं, आणि स्वतःची कंबर त्यांना अशी परस्पर कळावी?

तेवढ्यात वकीलसाहेब दारात आले.

“काय मास्तर, झाली का आमची पँट?”

“झाली,” मास्तर म्हणाले आणि टेबलाला चिकटले. “अगदी आत्ताच झाली.”

“मग दाखवा की.”

“दाखवतो. घाई आहे का?”

“कोर्टात जायचंय. कुठे आहे?”

“इथेच आहे. अगदी जवळ आहे.”

वकीलसाहेबांनी टांगलेले कपडे पाहिले, कपाटाकडे पाहिलं आणि मग टेबलाला वळसा घालून आले. (वकिलांना ही सवयच असते.) त्यांची नजर खाली गेली आणि तिथेच राहिली.

“मास्तर, हे कापड ओळखीचं वाटतंय.”

“तुमचंच आहे,” मास्तर म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांनी सरळ थाप मारली. “त्याचं काय आहे, टेपनं माप कळतं, पण पँटीचा स्वभाव कळत नाही. बसताना ओढते का, चालताना काचते का, हे अंगावर घातल्याशिवाय समजत नाही. म्हणून मी स्वतः घालून तपासतो.”

“प्रत्येकाची?”

“छे. फक्त खास गिऱ्हाइकांची.”

वकीलसाहेबांचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत कोर्टानंसुद्धा त्यांना खास म्हटलं नव्हतं. “वा मास्तर, याला म्हणतात कारागिरी,” ते म्हणाले आणि तासाभरात त्यांनी ही कारागिरी भेटेल त्याला सांगितली.

संध्याकाळी शाळेच्या मुख्याध्यापिका दुकानात आल्या. शिवायला टाकलेल्या ब्लाउजबद्दल त्यांना बोलायचं होतं. त्या जरा वेळ घुटमळल्या.

“मास्तर, तुमच्याबद्दल ऐकलं. फार मेहनत घेता तुम्ही.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “पण माझ्या ब्लाउजच्या बाबतीत एवढी मेहनत घेऊ नका.”

पडद्याआडून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मास्तरीणबाईंच्या हातून चहाचा कप सुटला होता.

त्या रात्री जेवताना मास्तरांनी सगळं कबूल केलं. वकिलांची पँट, तिचं बसणं, सगळं. मास्तरीणबाई या वेळी हसल्या नाहीत. (हसून झालं होतं.) “नळ वाईट नाही हो,” त्या म्हणाल्या, “खरं बोलतो एवढंच.”

“मग मीच बदलतो,” मास्तर म्हणाले.

आणि मास्तर कामाला लागले. पहाटे उठून फिरायला जाऊ लागले. घरच्या चहातली साखर बंद केली. (फिरण्याचा रस्ता चहाच्या टपरीवरून जात होता, पण रस्त्याला कोण काय करणार?) घरी आले की बेसिनपाशी उभं राहून नळाची परीक्षा द्यायची, नापास व्हायचं, पँट बदलायची. तरी माणूस खुशीत होता. फिरताना शीळ घालायचा. परत येताना बायकोसाठी कुणाच्या तरी कुंपणावरचं फूल आणायचा. मास्तरीणबाईंनाही हे नवं खूळ आवडू लागलं होतं.

आणि मग एका सकाळी मास्तर बेसिनपाशी गेले, सवयीनं डोळे मिटले, श्वास सोडला आणि काहीच झालं नाही. पाणी आलं नाही. त्यांनी हात पुढे धरले. मग आलं, शहाण्यासारखं, हातांवरच.

“अगं, ये लवकर,” त्यांनी हाक मारली. “बघ. मी त्याला दिसत नाही.”

मास्तरीणबाई आल्या. त्यांनी पाहिलं. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मास्तरांचा चेहरा असा फुलला होता की त्यांनी तोंड मिटून घेतलं. “छान झालं,” एवढंच म्हणाल्या.

तो सुट्टीचा दिवस होता. मास्तर दुपारभर मशीनवर बसले. स्वतःच्या होत्या नव्हत्या तेवढ्या पँटी त्यांनी काढल्या, कमरेत आणि मांड्यांत चांगल्या दोन-दोन बोटं आत घेतल्या आणि उरलेलं कापड कापून टाकलं. पुन्हा जाड व्हायची वाटच नको, म्हणून टीपही दुहेरी घातली. मास्तरीणबाई त्या वेळी बहिणीकडे गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात होत्या. आतल्या खोलीतून धडपडल्याचे आवाज येत होते. मग कापड फाटल्याचा आवाज आला. मग शांतता. त्या आत गेल्या तर मास्तर टॉवेल गुंडाळून पलंगावर बसले होते. भोवती पँटी पसरल्या होत्या. एकही मांड्यांच्या वर गेली नव्हती. एकीनं जायचा प्रयत्न केला होता, ती उसवली होती.

“हे काय केलंत?”

“बारीक झालो म्हणून आत घेतल्या.”

मास्तरीणबाई हळूच त्यांच्या शेजारी बसल्या. “अहो, मी प्लंबरला बोलावलं होतं. तुम्ही फिरायला गेला होतात तेव्हा. रोज फरशी पुसून माझी कंबर धरली होती. त्यानं नळाची नजर कमी केली. तुम्ही एवढे खूश झालात, मला सांगवेना.”

मास्तरांनी एक पँट उचलली आणि तिची दुहेरी टीप बोटानं चाचपली.

“पण कापायच्या आधी माप नाही घेतलंत?” मास्तरीणबाईंनी विचारलं. “जगाची घेता. गळ्यात टेप असते.”

“नळानं घेतलं होतं ना,” मास्तर म्हणाले.

एवढ्यात दुकानाचं दार वाजलं. मास्तर उठायला गेले, टॉवेलकडे बघून पुन्हा बसले. मास्तरीणबाईच पडदा सारून बाहेर गेल्या. दारात नवीनच कुणी गिऱ्हाईक उभं होतं.

“मास्तर आहेत का? फार बारकाईनं काम करतात असं ऐकलंय.”

“आहेत,” मास्तरीणबाई म्हणाल्या, “पण आज बाहेर येण्याजोगे नाहीत.”