जावयावर गोल

"माहा जावई आता टीव्हीत दिसन," तुळजाबाईनं अख्ख्या जैनथच्या बाजारात सांगून टाकलं. "पाहा मंग, रुसवा कसा पळते तं!"

जावई अमरदीप लग्नापासून रुसून होता. पंगतीत कढी थंडी वाढली म्हणून. ना सोता सासुरवाडीले ये, ना रूपालीले माहेरी धाडे. पण हैदराबादचे शूटिंगवाले तुळजाबाईच्या खळ्यावर बर्फातल्या हॉकीची सीरियल काढाले आले, अन गडी पहिल्या बसनं बायकोसंगट हजर! काश्मीर परवडत नव्हतं त्यायले. म्हणून सिमेंटचं खळं साबणाच्या पाण्यानं गुळगुळीत केलं, भोवताल कापसाचे ढीग रचले. झाला बर्फ. वरून मे महिना, कावळा बी चोच वासून बसे.

अमरदीपले गोलकीपर केलं. अंगाले गाद्या, तोंडाले जाळी. चालता गादीभंडारच दिसे.

हीरो चाकाच्या बुटानं सरसर आला, वाकड्या काठीनं काळी चकती हाणली, थे थेट जावयाच्या तंगड्यातून जाळ्यात. मंग दुसरी. मंग तिसरी. लोकायनं टाळ्या पिटल्या. तुळजाबाईच्या तळपायाची आग मस्तकाले गेली.

"ओ डायरेक्टर, हे काय चालवलं?"

"अम्मा, गोल हुआ. स्टोरी में यही है."

"माह्या दारात माह्या जावयावर गोल? आमी जावयाले पाट देतो, पान देतो. गोल नाही देत."

"हीरो को जीतना है, अम्मा."

"मंग त्याच्या सासुरवाडीत जिंकू दे त्याले!"

हीरोच्या टीममंदी गावचेच पोट्टे होते. बाईनं त्यायले डोळे वटारले. तवापासून जो तो चकती घेऊन जाय, जावयापाशी थांबे अन इचारे, "भाऊजी, लागन तं नाही ना?" अन मागं फिरे. डायरेक्टरनं कपाळ बडवलं.

दुपारी रूपाली धावत आली. "आई, थे आतमंदी शिजून राह्यले वं."

"काढ त्यायले. जाळीमांगचं तोंड कोनाले दिसते? माह्यावर करा म्हना गोल."

लुगडं खोचून बाई गाद्यात शिरली. हराचंच, असं ठरवूनच उभी राह्यली. पण चकती आली अन पाय आपोआप आडवा गेला. सारी जिंदगी याच खळ्यावरून बकऱ्या, कोंबड्या, शेजारनीचं वासरू हाकललं तिनं. घुसते ते अडवाचं, एवढंच अंगाले ठाऊक. हीरो डावीकडून आला, अडवला. उजवीकडून आला, अडवला. मंग तिनं काठी उगारून "हाड्!" म्हटलं, तं हीरो घसरत कमरेपर्यंत कापसात.

"स्टोरी बदलो," डायरेक्टर वरडला. "गोलकीपर जीतेगा!"

बाईनं जाळी वर केली. "पाह्यलं का बापू, तुमची इज्जत राखली."

अमरदीप पिशवी घेऊन सडकंवर बसपाशी उभा होता. "काय राखली, मामी? माह्याच्यानं एक अडली नाही, तुमी साऱ्या अडवल्या. आता गाव काय म्हनन? चाल वं रूपाली."

रूपाली तोंडावर पदर धरून हसून राह्यली होती, म्हणून तिलेच आधी बसमंदी चढवलं त्यानं.

तुळजाबाई गाद्यासकट मांगं पळाली. "थांबा ना बापू! अजून एक डाव घ्या. तुमी उभे राहा, मी मारतो."

जावई पायरीवरून वळला. "अन?"

"अन लय हळू मारतो ना, बापू."

बस सुटाच्या आधी जावयाच्या खिडकीची काच फटकन बंद झाली. मे महिन्यात.